एकट्या ताऱ्याचं हलणं

“मग हे आकडे गाळून टाकू ना, ताई?”

परागने कागद पुढे केला. यमुताईंनी तो हातात घेतला नाही.

यमुताईंचा उभा जन्म दुर्बिणीपाशी गेला. आता जुन्नरजवळच्या एका खेड्यात राहत होत्या. हाताखालून पुष्कळ शिष्य गेले. पराग त्यांतला सगळ्यात हुशार, आणि ते त्याला कुणी सांगावं लागत नसे.

“कसले आकडे?”

“माझ्या निळ्या ताऱ्याचे. तो एकटा आहे, असं मी पाच वर्षांपूर्वी दाखवून दिलं. माझं नाव झालं ते त्याच्यावरच. आता हे नवे आकडे म्हणतात, दर नऊ दिवसांनी तो जरा पुढे येतो, जरा मागे जातो. शेजारी कुणीतरी असल्यासारखा.”

“असेल की.”

“अहो, पण दिसत नाही! चार दुर्बिणींनी धुंडाळलं. यंत्राचाच दोष असणार. उद्या शोधनिबंध पाठवायचाय. हे आकडे ठेवले तर माझी पाच वर्षं पाण्यात जातील.”

“यंत्र तपासलंस?”

“...तीनदा.”

“मग?”

“दोष सापडला नाही.”



“किती तापलाय रे तो?”

“तीस हजार अंश. सूर्याच्या वीसपट जड.”

“अगं बाई!” ताईंनी गालावर हात ठेवला. जन्मभर हेच केलेली बाई, पण ऐकताना दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी. “एवढं अवजड धूड... आणि हलतंय?”

परागच्या अंगावर सर्रकन काटा आला. हे आकडे त्याने हजारदा लिहिले होते. धाक असा कधी वाटला नव्हता.

“हलतंय,” तो हळूच म्हणाला.

“ऊठ. फुगडी घालू.”

“काय?”

“फुगडी रे! बहिणीबरोबर कधी घातली नाहीस?”

“ताई, तुमचे गुडघे...”

“गुडघ्यांचं माझं मी बघते. तू पाय जुळव.”

अंगणात हातात हात अडकले. दोघं मागे रेलली. पहिले दोन फेरे पराग नुसता लाजत होता, कारण शेजारीण कुंपणावरून टकामका बघत होती. मग वेग आला. जास्वंद, पायरी, शेजारीण, सगळं एक झालं. त्या वाळक्या हातांत केवढी ताकद! बाप रे!

“आता डोळे मीट.”

त्याने मिटले. पाठीमागे टेकायला काहीच नव्हतं. सगळं अंग हवेत झुकलेलं, आणि हातांना ती भयंकर ओढ.

“मी दिसते?”

“नाही...”

“मग पडत का नाहीस?”