लाल दोऱ्याची कोंबडी

चंपानगरीत उदयधर राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व राजाच्या पाकशाळेत मुख्य आचारी होता.

नगरात तापाची साथ आली होती. पूर्वी वैद्यांच्या कडू सालीने ताप हमखास उतरे. आता ती कुणालाच लागू पडेना. राजाचा लहान मुलगाही तापाने फणफणला होता. अंगात थोडी ताकद राहावी म्हणून वैद्याने त्याला कोंबडीचे कढण द्यायला सांगितले.

साऱ्या नगराला कोंबड्या पुरवणारा पिंगलक डालगे घेऊन आला. चुलीवर आधण ठेवलेले होते. बोधिसत्त्वाने डालग्यात हात घातला आणि एक कोंबडी बाहेर काढली. तिच्या पायात लाल दोरा होता. तो दिसताच पिंगलक पुढे धावला.

"अहो आचारीबुवा, ती नको! ती घरची आहे, चुकून आली."

"घरची म्हणजे?"

"पोरांसाठी वेगळ्या ठेवतो. बायको दोरा बांधते."

"वेगळ्या कशाला? त्यांना दाणा वेगळा घालतोस?"

पिंगलकाने हातातले सोन्याचे कडे काढून पुढे केले. "हे ठेवा, आणि दुसरी कापा."

बोधिसत्त्वाने कडे परत त्याच्या हातात ठेवले आणि आधण खाली उतरवले.

इतक्यात राजा स्वतःच आत आला. मागोमाग वैद्य होता. "पोर तिकडे तळमळतंय, आणि तू भांडं उतरवतोस?" राजाची तलवार आचाऱ्याच्या मानेवर टेकली.

पिंगलकाला वाटले, आपण गप्प राहिलो तर सुटलो. पण बोधिसत्त्व त्याच्याकडेच पाहत होता. त्या नजरेत राग नव्हता.

"पिंगलका, तुझ्या मुलांना जे देत नाहीस, ते या मुलाला देऊ का?"

पिंगलकाने डालगे मागे ओढले. "नको! विकायच्या कोंबड्यांच्या दाण्यात मी रोज ती कडू साल कुटून घालतो. दाटीत कोंबलं तरी पाखरं आजारी पडत नाहीत, अंगाने लवकर भरतात."

वैद्याचा चेहरा उतरला. "म्हणजे रोगाला सालीची सवय झाली ती तुझ्या खुराड्यात, आणि तोच रोग कोंबड्यांबरोबर घरोघरी पोचला. मग ती लागू पडणार कशी?"

तलवार पिंगलकाकडे वळली. बोधिसत्त्व मध्ये उभा राहिला. "महाराज, याला माराल, तर उद्या दुसरा कुणी हेच करील. दाणा कसा बदलायचा हे यालाच ठाऊक आहे. त्याला ते करू द्या."

राजाने तलवार म्यान केली. लाल दोऱ्याच्या कोंबडीचे कढण झाले. वैद्याने सालीऐवजी एक वेगळी मुळी उगाळली, आणि राजपुत्र हळूहळू सावरला. पिंगलकाने खुराडी मोकळी केली, साल बंद केली. पुढे त्याच्या बायकोला दोरा बांधावा लागला नाही. कुठलीही कोंबडी घरच्या ताटात चालत असे.

ही पूर्वजन्मीची गोष्ट सांगून भिक्षूंचे गुरू शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, आज भिक्षेतला चांगला भात स्वतःसाठी वेगळा काढून ठेवणारा हा भिक्षू, तोच तेव्हाचा पिंगलक. तो भात ज्या आजाऱ्याला मिळायला हवा होता, तो तेव्हाचा राजपुत्र. आणि आचारी मीच होतो."

आपल्या आणि परक्याच्या लेकरात भेद न करणे, ही मैत्री पारमिता, म्हणजे मैत्रीची परिपूर्णता.