गुडघाभर पाण्यातला मचवा

फार जुनी गोष्ट. एका उथळ खाडीच्या काठी एक गाव होतं. ओहोटी लागली की खाडीत वर गुडघाभर पाणी आणि खाली माणूस गिळणारा चिखल. लोक तिथेच चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरत. त्याला सपाट तळाची लहान होडी पुरते. पण गावात एक खुळी रीत होती. होड्यांच्या पूजेला ज्याची डोलकाठी उंच, त्याचा नारळ आधी. ही रीत ज्याने पाडली त्याचे कान उपटायला हवेत. कारण जन्मात खाडीबाहेर न गेलेल्यांनीही खोल तळाचे मोठे मचवे बांधले.

धाकलूची जुनी होडी कुजली. परसातल्या लाकडात एकच नाव होणार होती.

बायको चांगुणा म्हणाली, "अवो, आपलं काम उथळ पाण्यातलं. लहान होडीच बांधा."

"आणि पूजेला शेवटी उभा राहू? लोक काय म्हनतील?"

"लोक येनार हायेत का चिंबोऱ्या धरायला?"

धाकलूने ऐकलं नाही, मचवाच बांधला. नाकापेक्षा मोती जड झाला, पण पहिला नारळ त्याला मिळाला. जाणती माणसंसुद्धा वाहवा करत राहिली. हा चालवणार कुठे, असं एकानेही विचारलं नाही. मला खरी चीड येते ती या वाहवा करणाऱ्यांची.

एका दुपारी धाकलूच्या लेकीला फुरसं चावलं. वैद्य पैलतीरी, आणि ओहोटी लागलेली. मचवा चिखलात रुतून बसला होता, तो तसूभर हलेना. पोरीला खांद्यावर घेऊन धाकलू खाडीत उतरला, तर छातीपर्यंत रुतला. लोकांनी दोर टाकून दोघांना ओढून काढलं. मग तो दारोदार लहान होडी मागत फिरला. अख्ख्या गावात एकही उरली नव्हती.

संध्याकाळी भरती आली आणि मचवा डौलात तरंगला. पोर तोवर गेली होती.

गाव सांत्वनाला आलं. कुणीतरी म्हणालं, "नशीब, दुसरं काय."

चांगुणा ताडकन उठली. "नशिबाला बोल लावू नका. ओहोटी रोज तुमच्या डोळ्यांदेखत येते. तरी तुमी पान्याकडं बघून नाव बांधली नाय, एकमेकांकडं बघून बांधली."

धाकलूने मचवा फोडला, त्याच फळ्यांची लहान होडी केली आणि सगळ्या गावासाठी काठाला बांधून ठेवली. लेक काही परत आली नाही.

लहानथोरांनो, एवढंच ध्यानात ठेवा: नाव आपल्या पाण्याला साजेशी घ्यावी, लोकांच्या डोळ्यांना नव्हे.