मुंगीचा खडा चेंडूच्या बुडाखाली

इवलीशी एक मुंगी होती. तिच्या घरी इवलेसे बारसे होते. पाळण्यात बाळ होते. पण बाळाला नाव नव्हते. मुंग्यांची रीतच तशी! आधी बाळाच्या ओठांना गूळ, मग बाळाच्या कानात नाव. गूळ नाही, तर नाव नाही!

मुंगी निघाली तुरुतुरु. तिने आणला गुळाचा खडा. वाटेत लागले मैदान. मैदानात होती उभी खुंटी. घर कुठे दिसते, हे पाहायला मुंगी खुंटीवर चढली. खुंटीच्या डोक्यावर होती वाटी.

"बरी आहे वाटी," मुंगी म्हणाली. खडा वाटीत ठेवला. वाटीच्या काठावर बसून जरा दम खाल्ला.

धप्प!

शाल्मली नावाची एक मुलगी आली. तिने वाटीत ठेवला बेसबॉलचा चेंडू. ती वाटी खाऊची नव्हतीच! ती होती चेंडूची बैठक. खडा गेला चेंडूच्या बुडाखाली! मुंगीने आ वासला.

शाल्मलीने बॅटचे टोक खुंटीला टेकवले. आणि ती नुसतीच उभी राहिली.

"शालू, मार की!" लांबून तिचा दादा ओरडला. "चेंडू काय अंडं उबवतोय?"

"थांब रे दादा! चुकला तर?" शाल्मली म्हणाली. आणि ती उभीच राहिली.

मग मुंगीच म्हणाली,
"चेंडूमामा, चेंडूमामा,
खडा सुटत नाही,
बाळाला नाव नाही!
उठा ना हो, उठा!"

चेंडू म्हणाला, "मी नाही उठत जा! मी बसलो, की बसलो. बॅट मला ढकलेल, तर मी उठेन."

"अगंबाई! एवढा गरगरीत, आणि आपला आपण हलत नाही?"

मुंगी गेली बॅटकडे, तुरुतुरु तुरुतुरु.

"बॅटताई, बॅटताई,
चेंडू उठत नाही,
खडा सुटत नाही,
बाळाला नाव नाही!
फिर ना गं, फिर!"

बॅट म्हणाली, "मी नाही फिरत जा! मी तर नुसतं लाकूड. हात मला ओढतील, तर मी फिरेन."

"अगंबाई! एवढी लांबलचक, आणि आपली आपण हलत नाही?"

मुंगी गेली हातांकडे, तुरुतुरु तुरुतुरु.

"हातकाकांनो, हातकाकांनो,
बॅट फिरत नाही,
चेंडू उठत नाही,
खडा सुटत नाही,
बाळाला नाव नाही!
ओढा ना हो, ओढा!"

हात म्हणाले, "आम्ही नाही ओढत जा! एकट्या हातांत जोर तो किती? कंबर वळेल, तर आम्ही ओढू."

"अगंबाई! एवढे बळकट, आणि आपले आपण हलत नाहीत?"

मुंगी गेली कमरेकडे, तुरुतुरु तुरुतुरु.

"कंबरमावशी, कंबरमावशी,
हात ओढत नाहीत,
बॅट फिरत नाही,
चेंडू उठत नाही,
खडा सुटत नाही,
बाळाला नाव नाही!
वळ ना गं, वळ!"

कंबर म्हणाली, "मी नाही वळत जा! वळू कशाच्या जोरावर? पाऊल रेटेल, तर मी वळेन."

"अगंबाई! एवढी ऐटदार, आणि आपली आपण हलत नाही?"

मुंगी गेली पावलाकडे, तुरुतुरु तुरुतुरु.

"पाऊलभाऊ, पाऊलभाऊ,
कंबर वळत नाही,
हात ओढत नाहीत,
बॅट फिरत नाही,
चेंडू उठत नाही,
खडा सुटत नाही,
बाळाला नाव नाही!
रेट ना रे, रेट!"

पाऊल म्हणाले, "मी नाही रेटत जा! जमीन मला ढकलेल, तर मी रेटेन."

"अगंबाई! तूसुद्धा?"

मुंगी उतरली जमिनीवर, तुरुतुरु तुरुतुरु.

"जमीनआजी, जमीनआजी,
पाऊल रेटत नाही,
कंबर वळत नाही,
हात ओढत नाहीत,
बॅट फिरत नाही,
चेंडू उठत नाही,
खडा सुटत नाही,
बाळाला नाव नाही!
ढकल ना गं, ढकल!"

जमीन म्हणाली, "मी नाही ढकलत जा! पाऊल मला ढकलेल, तर मी पावलाला ढकलेन."

काय? पाऊल म्हणते, आधी जमीन. जमीन म्हणते, आधी पाऊल! मग आधी कोण?

मुंगीला आला राग. तिने साही पाय आपटले. दण्ण!

आणि टुणुक! मुंगी हवेत!

"अगंबाई! आजी, तू मला ढकललंस?"

"तू मला ढकललंस, म्हणून मी तुला," जमीन म्हणाली. "तू एवढंसं, मीही एवढंसंच. आणि आधी कोणीच नाही गं! दोघींनी एकदमच!"

मुंगी पडली शाल्मलीच्या पायाच्या अंगठ्यावर.

"पाऊलभाऊ, वाट बघू नकोस! तू रेट, जमीन तेव्हाच रेटते!"

आणि मुंगीने केल्या गुदगुल्या.

"ई ई ई!" शाल्मली किंचाळली.

पावलाने जमिनीला रेटले, जमिनीने पावलाला रेटले. दण्ण!
कंबर वळली. गर्र!
हातांनी ओढले. सर्र!
बॅट फिरली. सूंऽऽ!
चेंडू उठला. ठक्क!

"अरे बापरे! मी उडतोय!" चेंडू म्हणाला.

चेंडू गेला दादाच्या डोक्यावरून. दादाने आ वासला. शाल्मलीनेही आ वासला.

मग ती हसली. "दादा, तुझी कोंबडी उडाली!"

आणि वाटीत काय होते? गुळाचा खडा! तसाच होता, जरासा चपटा.

मुंगी घरी गेली, तुरुतुरु तुरुतुरु. बाळाच्या ओठांना गूळ लावला. बाळाच्या कानात नाव सांगितले.

ठकू!

ठकूने आ वासला.

खडा विरघळला ठकूच्या ओठांवर, गोष्ट विरघळली तुमच्या कानांत.