साळिंदरबाईचा राजवाडा

जनावरांनी माणसांशी बोलणं टाकलं, त्याच्या थोडं आधीची गोष्ट. साळिंदरबाई गोष्टीचा खेळ मांडायची. गोष्ट ती सांगणार, गोष्टीत काय करायचं ते बेडूक आणि कासव ठरवणार. या खेपेला तिने पाच दिवस खपून गोष्टीतला राजवाडा रचला होता.

"डावीकडे राजवाडा, उजवीकडे जुनी विहीर. कुठे जाता?"

"विहिरीकडे," दोघं म्हणाले.

तिने वाटेत दरड पाडली, बेडकाने उडी मारली. तिने पूर आणला, कासव खुशीत पोहत निघालं.

"तुम्ही राजवाड्यातच पोचलात," ती फणकारली.

"मग आमचं पण तूच खेळ," म्हणत कासवाने डोकं आत ओढून घेतलं.

रिकाम्या राजवाड्यात साळिंदरबाईला करमेना. "बरं बाबांनो, विहीर."

डोकं बाहेर आलं. "आत काय आहे?"

हे तिने ठरवलंच नव्हतं. तिचे काटे उभे राहिले. "उडी मारा," ती म्हणाली, "मलाही बघायचंय."