बिननावाची टोपली

साजाटोल्यात घरे एकमेकांना खेटून आहेत. एकाच्या वळचणीचे पाणी दुसऱ्याच्या अंगणात पडते. अशा दाटीत, गावाच्या मधोमध, एक जागा तेवढी मोकळी आहे. तिथे झाड नाही, देऊळ नाही. पाहुणे विचारतात, भाऊबंदकीत अडकली आहे का. अडकलेली नाही. जागा गावाची आहे आणि तिच्यावर घर बांधत नाहीत. चैत लागला की तिथे मोहफुलांचा ढीग पडतो आणि त्यातून गावच्या आगराख्यांचा, म्हणजे आगीपासून गाव राखणाऱ्यांचा, खर्च निघतो. ग्रामपंचायत आता घरपट्टीबरोबर आगपट्टीही घेते, पंप आणि नळ्या त्यातूनच आल्या. पण मोहाची टोपली द्यायचे कोणी सोडलेले नाही.

मागे तालुक्याहून एक साहेब आले होते. जो पट्टी भरत नाही त्याच्या घरची आग विझवू नका, लोक आपोआप वठणीवर येतील, असे ते सभेत म्हणाले. त्यांना मी या जागेवर आणून उभे केले. त्यांना जे सांगितले तेच तुम्हाला सांगते. सावली नाही, उभ्यानेच ऐका.

मालगुजारीच्या काळातली गोष्ट आहे म्हणे. तेव्हा सगळी घरे तणसाने शाकारलेली. मोह टपकायला लागला की गाव उजाडायच्या आत जंगलात जाई, कारण फुले उन्हाआधी वेचावी लागतात. फूल नीट दिसावे म्हणून झाडाखालचा पाला जाळायचा, अशी रीत. तीच आग वाऱ्याने कधी गावाकडे वळे, आणि गावात पाणी टाकायला माणूस नसे. आपल्याच हाताने लावलेली आग आपल्याच घरी पोचे आणि लोक डोक्यावर मोह घेऊन राखेत परत येत.

मग मुखरू नावाचा एक माणूस पुढे झाला. त्याची बायको वारली होती. एकच मुलगी, भागरता, तिला गावातच दिलेली. मुखरूने काही तरुण जमवले आणि ठरवले, मोहाच्या दिवसांत आपण जंगलात जायचे नाही. गावाभोवतीचा पाला झाडायचा, घागरी भरून ठेवायच्या, राखण करायची. हेच पहिले आगराखे. पण ज्याचा मोह चुकला त्याचे पावसाळ्यात हाल होत. मोह खाऊन आणि विकूनच इथले पोट भरे. म्हणून पंचांनी लावून दिले की प्रत्येक घराने आपल्या वेचणीतली एक टोपली आगराख्यांना द्यावी.

पहिल्या साली सगळ्यांनी दिली. त्या साली आग लागली नाही, म्हणून पुढच्या साली लोक म्हणू लागले की हे नुसते बसून खातात. राखणदार असला आणि काही जळले नाही, की राखणदार फुकटा ठरतो. ही अक्कल आमच्या गावाला फार जुनी आहे. काहींनी टोपली दिली नाही. त्यांतल्या एकाच्या घराला आग लागली, तर आगराख्यांनी तीही विझवली. ते पाहून देणाऱ्यांनीही हात आखडला. आगराखे पोटासाठी जंगलात गेले आणि त्या चैतात अर्धा टोला जळाला. दोन म्हातारी माणसे खाटेवरच गेली.

तेव्हा मुखरूने आपल्या माणसांना मातामायच्या, म्हणजे गावदेवीच्या, ठाण्यापुढे नेले. पाण्यात हात बुडवून त्यांनी शपथ घेतली की ज्या घराची टोपली आली नाही, त्या घरासाठी घागर उचलायची नाही आणि कुऱ्हाडही उचलायची नाही. घर कोणाचेही असो. दवंडी फिरली. टोपल्या आल्या.

एका घरची आली नाही. ते घर उपासरावाचे, म्हणजे भागरताच्या सासऱ्याचे. त्याने नुकतेच जाड मातीच्या भिंतींचे, कवेलूचे म्हणजे कौलारू घर बांधले होते. गावातले पहिलेच. मुखरू स्वतः त्याच्या दारी गेला.

"व्याही, टोपली राहिली तुमची."

"कवेलू जळताना पाहिलं का गा कोनी? तनसीवाल्यांनी द्यावी टोपली."

"कवेलूखाली बांबूच हाय, व्याही."

"माझ्या बांबूची काळजी मले हाय. तुमी शपथ घेतली न? मंग पाळा. का व्याह्यासाठी मोडता?"

ओसरीवरचे लोक हसले. व्याह्या-व्याह्यांची थट्टा इकडे चालतेच. मुखरूही हसला, असे सांगतात, आणि परत आला.

त्याच दिवसांत भागरता बाळंत झाली. माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झाले. मुलगा. बारसे अजून व्हायचे होते. एके सकाळी घरची सगळी माणसे मोह वेचायला गेली आणि ती लेकराला घेऊन मागच्या खोलीत निजली होती. जंगलातून ठिणगी आली, ती उपासरावाच्या अंगणातल्या तणसाच्या ढिगावर पडली. ढीग दाराला लागूनच होता. ओसरीचे बांबू पेटले, कवेलू तडकून खाली येऊ लागले, दार बंद झाले.

आगराखे धावत आले आणि शेजारच्या छपरांवर पाणी मारू लागले. ती छपरे टोपली दिलेल्यांची होती. उपासरावाच्या घराकडे कोणी पाहत नव्हते. सगळे मुखरूकडे पाहत होते. दसरू नावाचा त्यांच्यातला एक जण म्हणाला, "मुखरू गा, आत भागरता हाय."

मुखरू म्हणाला, "माहीत हाय." आणि त्याने पुढची घागर शेजारच्या वळचणीवर ओतली.

त्याचे काय चुकले, ते गावात अजून बोलतात. स्वतःच्या पोरीसाठी शपथ मोडली असती, तर पुढच्या साली कोणी टोपली दिली नसती, आणि पुन्हा म्हातारी माणसे खाटेवर जळाली असती. हे खरे आहे. काही लोक त्याला यासाठी थोर म्हणतात. म्हणू देत. त्यांच्यातले कोणी त्या खोलीत नव्हते.

मागच्या भिंतीला एक झरोका होता, मूल जाईल एवढाच. भागरताने लेकरू लुगड्यात गुंडाळून त्यातून बाहेर धरले. मुखरू गेला आणि त्याने ते घेतले. आतून ती म्हणाली, "बाबा, याचं अजून नाव नाही ठेवलं. याच्याकडं कोनाची टोपली निघत नाही. याच्यावर पाणी टाका."

एवढेच बोलली. स्वतःसाठी काही मागितले नाही.

मुखरू लेकरू घेऊन उभा राहिला. जळत होते ते घर या लेकराचेही होते. मग म्हणाला, "टाका." आगराखे त्या एका शब्दासाठीच थांबले होते. सगळ्या घागरी त्या घरावर रिकाम्या झाल्या, कुऱ्हाडी भिंतीवर पडल्या. पण भिंत उपासरावाने जाड बांधली होती, आणि ती फुटायच्या आत छप्पर खाली आले.

मुखरू रडला नाही म्हणे. लेकराच्या अंगावरची राख पुसत बसून राहिला.

ऊन चढल्यावर गाव जंगलातून परतले. उपासरावाच्या डोक्यावर मोहाची टोपली होती. त्याने ती मुखरूसमोर ठेवली. मुखरूने वर पाहिले नाही. म्हणाला, "वत तिथंच." उपासरावाने ती टोपली आपल्या घराच्या राखेवर, इथेच, ओतली. त्याच्यामागे जो जो आला तो आपली टोपली तिथेच ओतत गेला, आधीच टोपली दिलेलेसुद्धा. कोणी आपले नाव सांगितले नाही आणि आगराख्यांनी विचारले नाही.

संध्याकाळी पंच बसले. मुखरूने शपथ परत मागितली आणि ती मातामायपुढे सोडली. पंचांनी ठरवले की टोपली ही गावाची पट्टी आहे. ती प्रत्येक घराने द्यायची. जो देणार नाही त्याच्या दारात पंचांनी जाऊन बसायचे, त्याने दिल्याशिवाय जेवायचे नाही. पण पट्टीचे भांडण घागरीपर्यंत न्यायचे नाही. आग लागली की घर कोणाचे, हे तोंडातून काढायचे नाही. दारात बसण्याची पाळी पंचांवर पुष्कळदा आली आहे. चुकवणारे दर पिढीत निघतात आणि त्यांची नावे मला पाठ आहेत. त्यांच्या घरांवरही पाणी पडले आहे.

मुखरू मरेपर्यंत आगराखा राहिला. 

साहेबांनी हे ऐकून घेतले, टोपी घातली आणि ते निघून गेले. सभेत तो विषय पुन्हा आला नाही.

आजही चैतातली पहिली टोपली बारसे न झालेल्या लेकराची असते. त्याची आई ती ओतते, मगच बाकीचे गाव पुढे येते. एखाद्या साली चैतात असे लेकरू नसणार असे दिसले, तर जे त्याआधी जन्मले असेल त्याचे बारसे घरचे लोक लांबवतात आणि चैताची वाट पाहतात. औंदा माझ्या नातसुनेची पाळी होती. तिने टोपली ओतली तेव्हा तिच्या खांद्यावर लेकरू झोपले होते. त्याला उठवायचे नसते.