पंखा कोण ओढतंय?

ही गोष्ट फार फार पूर्वीची. किती पूर्वीची म्हणाल, तर तेव्हा मुंगीपासून हत्तीपर्यंत सगळे जीव माणसांशी बोलत, आणि माणसंही घटकाभर गप्प बसून त्यांचं ऐकत. त्या काळी एका उंच माळावर एक राज्य होतं. तिथे ऊन असं पडे की भर दुपारी कावळासुद्धा सावली सोडत नसे.

अशा राज्यात एकच जागा गारेगार होती, ती म्हणजे राजवाडा. तो बांधला होता राजाच्या स्थपतीने. राज्यातली सगळी बांधकामं त्याच्याच हुकमाने चालत. बाहेरून तापून आलेला पाहुणा राजवाड्याचा उंबरठा ओलांडताच हुश्श करी, आणि स्थपती मिशीला पीळ देऊन म्हणे, की हे सगळं दगड रचणाऱ्याच्या हातात असतं. त्याला आपल्या कामाचा गर्व होता, आणि खरं सांगायचं तर तो त्याला शोभतही होता.

एका वर्षी नदी कोपली. काठावरची अख्खी वस्ती वाहून गेली. माणसं वाचली, घरं गेली. राजा मनाने चांगला होता. त्याने स्थपतीला सांगितलं, की या लोकांना राजवाड्याच्या पूर्वेला पक्की घरं बांधून द्या, येणारा उन्हाळा त्यांनी उघड्यावर काढता कामा नये.

स्थपतीने आधी नमुन्याचं एक घर बांधलं. खाली दगड, वर भट्टीत भाजलेल्या विटा, माथ्यावर फरशा. दार अर्थातच राजवाड्याकडे. त्या राज्याची रीतच तशी होती. सकाळी दार उघडल्यावर पहिलं दर्शन राजवाड्याचं व्हायला हवं, त्याच्याकडे पाठ करून घर बांधणं म्हणजे राजाचा अपमान. विटा भाजायला डोंगरावरचं रान तोडलं. एका घरापायी डोंगराची एक बाजू बोडकी झाली, आणि अजून सगळी वस्ती उभी राहायची होती.

या घरात एक बाई आपल्या सासूसह आणि तान्ह्या लेकीसह राहायला आली. बाई राजवाड्यात कामाला होती. उन्हाळ्याच्या तोंडावर एका दुपारी स्थपती मोठ्या कौतुकाने घर बघायला गेला, तर घर रिकामं. बाई आणि तिची सासू बाहेर कडुनिंबाखाली बसलेल्या, बाईच्या मांडीवर लेक, आणि ओल्या फडक्याने ती तिचे ओठ टिपत होती. लेक रडतही नव्हती. स्थपतीला राग आला. एवढं घर बांधून दिलं आणि ही झाडाखाली बसते, असं तो बरंच काही बोलला.

"घर देखणं आहे, बाबा," बाई म्हणाली. "पण दुपारचं ऊन दारातून थेट आत येतं आणि भिंती तव्यासारख्या तापतात. काल लेक आत निपचित पडली होती. म्हणून आज कामावर गेले नाही."

स्थपती म्हणाला, की राजवाडाही दगडाचाच आहे, तो कसा गार राहतो?

हा थट्टा करतोय की काय, अशा नजरेने बाईने त्याच्याकडे पाहिलं. मग तिने आपले तळहात त्याच्यापुढे धरले. दोरीने घासून घासून त्यांना घट्टे पडले होते.

"तो राहत नाही, बाबा. आम्ही ठेवतो. वाळ्याच्या पडद्यांवर पाणी मारणारे आम्ही, छताला टांगलेला पंखा दोरीने ओढणारे आम्ही. आता माझ्या घरात पंखा ओढायला मी कुणाला आणू?"

स्थपतीने त्या घट्ट्यांकडे पाहिलं. पंख्याची दोरी भिंतीपलीकडे जावी म्हणून छिद्र ठेवायला त्यानेच सांगितलं होतं. पलीकडे काय आहे ते बघायला तो कधी गेला नव्हता. तो त्या घरात जाऊन बसला, आणि थोड्याच वेळात घामाने निथळत बाहेर आला. त्या पोरीचा उन्हाळा कसा निभणार, या काळजीने त्याला घेरलं. इतकी वर्षं मिरवलेला गर्व त्या दुपारी गळून पडला.

सुन्न होऊन चालता चालता तो माळाच्या टोकाला आला. तिथे त्याच्या छातीइतकं उंच वारूळ होतं. बांधकामाच्या जागी वारूळ दिसलं की आधी ते फोडायचं, हा त्याचा जन्माचा शिरस्ता. वाळवी म्हणजे घराची वैरीण. सवयीने त्याने हातातली काठी उगारली आणि वारुळाला भगदाड पाडलं.

त्या भगदाडातून गार, ओलसर हवा त्याच्या हातावर आली.

स्थपतीने काठी टाकली. भोवती माळ भट्टीसारखा फुलला होता, आणि त्या मातीच्या ढिगातून झऱ्याकाठची वाटावी अशी हवा येत होती. तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने आत पाहिलं. दालनांवर दालनं, वळणावळणाच्या वाटा, वर निमुळती होत गेलेली धुराडी. एवढुशा जिवांनी एवढं मोठं नगर उभारलं होतं.  आपला राजवाडा त्याला पहिल्यांदाच लहान वाटला.

तेवढ्यात भगदाडाच्या काठावर एक म्हातारी वाळवी आली आणि तोंडातली ओली माती थापू लागली. स्थपतीने हात जोडून तिची क्षमा मागितली.

"मोडणं तुझी सवय, बांधणं आमची," वाळवी म्हणाली. "विचारायचं ते विचार. मला काम आहे."

त्याने विचारलं, की तुमच्या भट्ट्या कुठे आहेत? भट्टी कशाला, पायाखालची माती आणि तोंडातली लाळ पुरते, असं ती म्हणाली. मग त्याने हळूच विचारलं, की तुमच्याकडे पंखा कोण ओढतं?

"कुणीच नाही. तापलेली हवा आपण होऊन वर जाते. तिला वरून बाहेर पडायला वाट ठेवली, की खालून गार हवा आपण होऊन आत येते. आणि भिंत जाड ठेवली, की ऊन आत पोचेपर्यंत सूर्य मावळतो." वाळवी थांबली. "घर बांधण्याआधी आम्ही सूर्य कुठून कुठे जातो ते बघतो. तुम्ही कुणाकडे बघता?"

स्थपतीने मान वर केली. दूर पश्चिमेला राजवाडा दिसत होता, आणि सूर्य बरोबर त्याच्या माथ्यावरून खाली उतरत होता.

जाताना वाळवीने बजावलं, की तुझ्या घरात लाकूड जपून घाल, नाहीतर ते आम्ही खाऊ, मग तक्रार करू नकोस.

दुसऱ्या दिवसापासून स्थपतीने दुसरं घर बांधायला घेतलं. भट्टी पेटली नाही, झाड पडलं नाही. माळावरचीच माती खणली, तिच्यात पेंढा मिसळला आणि वस्तीतल्या लोकांबरोबर तो स्वतः चिखल तुडवायला उतरला. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, गवताचं जाड छप्पर आणि पावसाने भिंत भिजू नये म्हणून खाली ओढलेली वळचण. सावलीच्या बाजूला जमिनीलगत झरोके, आणि छपराच्या टोकाला तापल्या हवेला वाट. दार पूर्वेला. पश्चिमेला, राजवाड्याच्या बाजूला, नुसती आंधळी भिंत.

बातमी राजाच्या कानावर गेली. भर दुपारी तो तणतणत आला.

"माझ्याच अन्नावर वाढलात," राजा म्हणाला, "आणि माझ्याकडेच पाठ?"

"शिक्षा द्या, महाराज," स्थपती म्हणाला. "पण आधी दोन्ही घरांत थोडा वेळ बसा."

विटांच्या घरातून राजा लगेच बाहेर आला. मग वाकून तो मातीच्या घरात शिरला. आत, आता तिथे राहायला आलेली तीच बाई बसली होती आणि तिची लेक शेणाने सारवलेल्या जमिनीवर गाढ झोपली होती. राजाच्या कपाळावरचा घाम हळूहळू सुकला. त्याने वर पाहिलं, मागे पाहिलं. उठून भिंतीपलीकडे कुणी लपलंय का, तेही बाहेर जाऊन पाहून आला.

"पंखा कोण ओढतंय?" त्याने विचारलं.

"कुणी नाही, महाराज."

राजा पुन्हा खाली बसला. छपराच्या टोकाशी एक गवताची काडी हलत होती, तिच्याकडे तो लहान मुलासारखा बघत राहिला. मग त्याची नजर बाईच्या तळहातांवर गेली आणि तिथून हलेना.

त्या उन्हाळ्यात अख्खी वस्ती मातीची झाली. तिथलं एकही लेकरू उन्हाने कोमेजलं नाही. माती खणलेल्या जागी पुढे तळं साचलं, आणि डोंगराला पुन्हा पालवी फुटली. राजवाड्यालाही राजाने झरोके पाडून घेतले. दर्शनाची रीत त्याने मोडली, आणि पंख्यांच्या दोऱ्या उतरवून वस्तीत वाटून टाकल्या. घरोघरी त्यांचे पाळणे बांधले गेले. माळाच्या टोकाचं वारूळ मात्र कुणी पुन्हा फोडलं नाही.

मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, यातून घ्यायचं ते एवढंच: दुसऱ्याच्या घामावर गार राहतं ते घर चांगलं नव्हे; ऊन, वारा आणि माती यांना विचारून बांधलं, तर गरिबालाही राजासारखं घर मिळतं.