फळीवरचा फणस

समुद्राकाठच्या एका बंदरगावी एकदा एक वृद्ध न्यायशास्त्री राहत असत. त्यांच्याजवळ एक शिष्य शिकत होता. वयाने चांगला तिशीचा, सगळे नियम मुखोद्गत, तरी त्याला प्रश्न फार पडत.

त्या गावातून पलीकडच्या बंदराला उतारूंचा मचवा जाई. भाडे मचव्याच्या तांडेलाला, म्हणजे मुख्य नावाड्याला, आगाऊ द्यायचे आणि बसायच्या फळीला आपल्या कापडाची चिंधी बांधायची, ही तिथली रीत. चिंधी बांधली की जागा पक्की.

वैशाख सरत आला होता. पावसाळ्यासाठी मचवा किनाऱ्यावर ओढण्याआधी दोनच फेऱ्या उरल्या होत्या. अशा वेळी गावातली एक कासारीण शास्त्रीबुवांच्या ओसरीवर येऊन टेकली. तापाने तिचा चेहरा उतरला होता.

"बुवा, पलीकडे माझी लेक आहे. पहिलटकरीण. आषाढात बाळंत व्हायची. उद्याच्या मचव्यात माझी जागा होती, पण हे अंग बघा, उभं राहवत नाही. तांडेलाला म्हटलं, मला शेवटच्या फेरीला ने. तर म्हणतो, नवं भाडं दे. होतं नव्हतं ते पहिल्या भाड्यात गेलं. आता पाऊस सरेपर्यंत लेकीचं तोंड दिसायचं नाही."

"वैद्याची चिठ्ठी आहे का?" शिष्याने लगेच विचारले.

"ते राहू दे," शास्त्री म्हणाले. "बाई, येणं जमणार नाही हे तांडेलाला कधी कळवलंस?"

"ताप चढला त्याच दिवशी. आज चार दिवस झाले. शेजारणीला धाडलं होतं. तो दारातच जाळं सांधत बसला होता."

"बरं," एवढेच म्हणून शास्त्री उठले आणि परसातला मोठ्यात मोठा फणस त्यांनी उतरवून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फणस खांद्यावर घेऊन शिष्य त्यांच्यामागे धक्क्यावर निघाला. काटे टोचत होते.

"गुरुजी, हा कुणाला द्यायचा?"

"द्यायचा नाही. बसवायचा."

मचव्यात तिसऱ्या फळीला कासारणीची हिरवी चिंधी होती. त्याच जागेला तिच्या शेजारी आणखी एक पिवळी चिंधी बांधली होती, आणि तिथे खोबऱ्याचा एक व्यापारी ऐसपैस बसला होता.

"जरा सरका शेठ," शास्त्री म्हणाले. "इथे फणस बसायचा आहे."

"फणस? अहो, भाडं मोजलंय मी या जागेचं!"

गलका ऐकून तांडेल हसत आला. "काय बुवा, फणस पोचवायचाय? टाका तळाला, फुकट नेतो."

"तळाला का? या जागेचं कासारणीचं भाडं तुझ्याकडे आहे, म्हणजे जागा तिची. तिला येववत नाही, म्हणून लेकीच्या सासरी हा फणस जातोय. तो फळीवरच बसेल."

"पण ती जागा मी शेठना दिली की!"

"म्हणजे जागा तुझी होती?"

"तर! तिनंच नको म्हणून कळवलं ना!"

"जागा तुझी झाली, मग तिचं भाडं कशाबद्दल ठेवलंस?"

मागच्या फळीवरची एक कोळीण म्हणाली, "काय रे तांडेला, बाईला शेठच्या मांडीवर बसवणार होतास काय?" सगळा मचवा हसला. शेठ तेवढे हसले नाहीत.

तांडेलाने खाली वाकून हिरव्या चिंधीची गाठ सोडली. खाऱ्या वाऱ्याने ती घट्ट आवळली होती, वेळ लागला. "शेवटच्या फेरीला हीच बांधतो, बुवा. नवं भाडं नको. आणि फणस असू दे, पोचवतो."

परतताना शिष्य म्हणाला, "गुरुजी, तिच्या आजाराबद्दल तुम्ही एक अक्षरही विचारलं नाही."

"ताप तिच्या चेहऱ्यावर दिसत होता. अन् आजारी पडणं हा काही अपराध नव्हे, त्याची झडती कशाला घ्यायची? येता येत नसेल तर नाही म्हणायचा हक्क उतारूला असतोच. पाहायचं ते एवढंच, की तिच्या नाही म्हणण्यानं तांडेलाचं खरोखर किती बिघडलं. तिनं वेळेवर कळवलं, जागा भरली, त्याचं काहीच बिघडलं नाही. मग त्यानं भाडं कशाबद्दल ठेवून घ्यायचं?"

"आणि जागा रिकामीच गेली असती तर?"

"तर त्याला झळ बसली असती, आणि ती थोडी तिनंही सोसायला हवी होती. जेवढी झळ तेवढीच."

शिष्याने दुखरा खांदा चोळला. मग म्हणाला, "आणि मचवा सुटल्यावर तिनं निरोप धाडला असता तर?"

शास्त्री हसले. "तर तुझा खांदा वाचला असता. मी फणस उतरवलाच नसता."

आठवड्याने शेवटची फेरी निघाली. कासारीण शिडाजवळच्या फळीवर बसली होती, मांडीवर लेकीसाठी हिरव्या बांगड्यांची पेटी. तांडेल धक्क्यावर उभा राहून पावसाळ्यानंतरच्या जागा ठरवत होता. चिंधी हातात घेताना तो प्रत्येकाला सांगत होता, "आणि हे बघ, ताप आला, पाय मोडला, काही झालं, तर लगेच निरोप धाड."

शिष्य ते ऐकत उभा होता. त्या दिवशी त्याला एकही प्रश्न पडला नाही.

प्रवासाची जागा ठरवताना निघायची वेळ आपण सगळेच विचारतो. येता आले नाही तर कोणाला आणि कधीपर्यंत कळवायचे, हेही त्याच वेळी विचारून ठेवावे.